बेबी बेंझ : तेल, तुर्क कामगार आणि वाढत गेलेली एक 'छोटी' गाडी

२५ नोव्हेंबर १९७३. रविवार होता. पश्चिम जर्मनीतले महामार्ग त्या दिवशी ओस पडले होते. खासगी मोटारी रस्त्यावर आणायला सरकारने बंदी घातली होती. ज्या रस्त्यांवर एरवी वेगाला मर्यादा नसायची, तिथे लोक सायकली घेऊन, घोड्यांवर बसून, लेकरांचा हात धरून फिरायला निघाले. असे चार रविवार पाळले गेले. त्या वेळची छायाचित्रे पाहिली तर सगळे सहलीला आल्यासारखे दिसतात.

त्याच्या दोनच दिवस आधी, २३ नोव्हेंबरला, बॉनच्या सरकारने आणखी एक फर्मान काढले होते. युरोपीय समुदायाबाहेरून कामगार भरती बंद. याचा सर्वात मोठा फटका बसला तो तुर्कस्तानला. ३० ऑक्टोबर १९६१ च्या कराराने तुर्क मजुरांसाठी उघडलेला दरवाजा बारा वर्षांनी एका आदेशाने बंद झाला.

या दोन्ही बातम्यांच्या मुळाशी एकच घटना होती. ६ ऑक्टोबरला, म्हणजे १० रमजानला, इजिप्त आणि सीरियाने इस्रायलविरुद्ध युद्ध सुरू केले. अरब जग त्याला रमजानचे युद्ध म्हणते. १७ ऑक्टोबरला अरब तेल उत्पादक देशांनी उत्पादन घटवण्याचा निर्णय घेतला. पाठोपाठ अमेरिका आणि नेदरलँड्सवर तेलबंदी लादली. जर्मनीवर थेट बंदी नव्हती, पण तिचे बरेच तेल रॉटरडॅमच्या बंदरातून येई. पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव नव्या वर्षात साडेअकरा डॉलरच्या पुढे गेला.

मला आज सांगायची आहे ती एका मोटारीची गोष्ट. मर्सिडीज-बेंझची १९०, जिला लोक 'बेबी बेंझ' म्हणत, आणि तिच्या वंशातली सी-क्लास. मोटारींच्या मासिकांत हा इतिहास इंजिन, गिअरबॉक्स आणि डिझायनर यांच्या भाषेत सांगितला जातो. त्यात गैर काही नाही. पण त्या इतिहासात तेल कुठून आले, पैसा कोणाचा लागला आणि कारखान्यात कोण उभे होते, याचा पत्ता लागत नाही. शोधायला गेलो तर या तिन्ही ठिकाणी मुसलमान जग भेटते.

आधी पैशाचे बघू. तेलाचे भाव चढले तसा आखाती देशांकडे डॉलरचा पूर आला. १९७४ च्या अखेरीस क्वांट नावाच्या जर्मन उद्योगपती घराण्याने डाइमलर-बेंझमधला आपला सुमारे १४ टक्के वाटा विकायला काढला. तो कुवेतने घेतला. गंमत अशी की हेच क्वांट घराणे बीएमडब्ल्यूचे मोठे मालक होते आणि तो वाटा त्यांनी राखून ठेवला. जर्मन वर्तमानपत्रांत मोठी खळबळ माजली. मर्सिडीजचा तारा शेखांच्या हाती गेला, असा सूर होता. इराणच्या शहालाही डाइमलरमध्ये रस होता. त्याने त्याच वर्षी क्रुप या पोलाद कंपनीत पाव हिस्सा घेतला होता. मग दुसरे बडे भागधारक फ्लिक आपला वाटा विकणार असे दिसताच १९७५ च्या जानेवारीत डॉइश बँक मध्ये पडली आणि २९ टक्के भाग स्वतः घेऊन मोकळी झाली. शहाला देण्यापेक्षा घरात राहिलेले बरे, हा त्यामागचा हिशेब होता. या विक्रीवरच्या करमाफीतून पुढे जर्मनीत मोठे लाचखोरीचे प्रकरण उभे राहिले, पण तो वेगळा विषय.

कुवेतचा वाटा पुढे कमी-जास्त झाला, तरी आजही कुवेत कंपनीच्या मोठ्या भागधारकांत आहे. माझी तक्रार एवढीच की तो भागधारकच राहिला. पन्नास वर्षे एका कारखान्याचा नफा घेताना त्या कारखान्यातले ज्ञान आपल्याकडे आणावे, चार पोरांना तिथे अभियंते म्हणून घडवावे, स्वतःची एखादी गाडी काढावी, असे तेलवाल्या अरब देशांना फारसे सुचले नाही. लाभांश आला आणि नवी मर्सिडीज विकत घेतली गेली.

आता गाडीकडे येऊ. छोटी मर्सिडीज काढण्याचा विचार कंपनीत पन्नाशीच्या दशकातही झाला होता, पण बारगळला. मर्सिडीज म्हणजे मोठी, जड, टॅक्सीवाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना पुरणारी गाडी, असा समज होता. तेलाच्या धक्क्याने तो हलला. दुसरा धक्का अमेरिकेतून आला. डिसेंबर १९७५ मध्ये तिथे इंधन बचतीचा कायदा झाला. प्रत्येक कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी काढायची आणि ती १९८५ पर्यंत गॅलनला साडेसत्तावीस मैल, म्हणजे लिटरला साधारण पावणेबारा किलोमीटर, एवढी झाली पाहिजे. नाहीतर दंड. मोठ्या गाड्या विकायच्या तर सरासरी ओढून धरणारी एखादी छोटी गाडी हवीच होती. आणि तिसरे कारण म्युनिकमध्ये होते. बीएमडब्ल्यूने १९७५ मध्येच ३ सिरीज बाजारात आणली आणि लहान पण महाग गाडी खपते हे दाखवून दिले.

१९० ही गाडी ८ डिसेंबर १९८२ ला लोकांसमोर आली. कंपनीच्या आतले तिचे नाव डब्ल्यू २०१. नावातले १९० हे फसवे होते, कारण इंजिन दोन लिटरचे होते. पण २०० हा आकडा मोठ्या मर्सिडीजने अडवलेला होता. लांबी ४४२० मिलिमीटर, रुंदी १६७८, वजन साधारण १०८० किलो. त्या वेळची मधली मर्सिडीज, म्हणजे टॅक्सीवाल्यांची लाडकी डब्ल्यू १२३, ४७२५ मिलिमीटर लांब होती. बेबी बेंझ तिच्यापेक्षा फूटभर आखूड.

छोटी करताना स्वस्त करायची नाही, हा आग्रह होता आणि तो तिच्या मागच्या चाकांत दिसतो. प्रत्येक मागचे चाक पाच स्वतंत्र दांड्यांनी धरलेले होते. प्रत्येक दांडी एकेक हालचाल आवरते, त्यामुळे वळणावर, खड्ड्यात, अचानक ब्रेक मारला तरी चाक रस्त्याला सरळ टेकलेले राहते. आज ही रचना मध्यम किमतीच्या गाड्यांतही सापडते. त्या काळी एवढा खटाटोप एवढ्या लहान गाडीसाठी कोणी करत नव्हते.

तिचे रूप ब्रुनो साक्को यांच्या देखरेखीखाली ठरले. साक्को इटलीतल्या उदिने गावचे. १९५८ मध्ये ते डाइमलर-बेंझमध्ये आले आणि १९७५ पासून रूपांकन विभागाचे प्रमुख होते. वर उचललेली डिकी, सरळ रेषा, क्रोमचा मोजका वापर. जुन्या मर्सिडीजवाल्यांना ती नागवी वाटली. आज पाहाल तर चाळीस वर्षांची वाटत नाही. परदेशातून आलेल्या माणसाने जर्मनांच्या सर्वात जर्मन वस्तूला चेहरा दिला, ही नोंद घेण्यासारखी आहे. अर्थात साक्को कलाकार म्हणून आले होते. इटलीतून मजूर म्हणून आलेल्यांची गोष्ट वेगळी होती आणि तुर्कांची त्याहून वेगळी. १९७३ च्या भरतीबंदीतून इटलीला सूट होती, कारण इटली युरोपीय समुदायात होती.

ही मुळात 'पाहुणे कामगार' म्हणून बोलावलेली माणसे. वर्ष-दोन वर्षे राबायचे आणि परत जायचे, अशी कल्पना. १९७३ पर्यंत जर्मनीतल्या परदेशी कामगारांची संख्या २६ लाखांच्या आसपास गेली होती आणि त्यांत तुर्क सर्वाधिक होते. मोटार उद्योगात ते असेंब्ली लाइनवर, ओतकामात, रंगशाळेत, जिथे अंग मोडते तिथे होते. भरतीबंदीच्या तीनच महिने आधी, ऑगस्ट १९७३ मध्ये, कोलोनच्या फोर्ड कारखान्यात तुर्क कामगारांनी काम बंद पाडले होते. निमित्त होते सुट्टीवरून उशिरा परतलेल्या सुमारे तीनशे तुर्कांना कामावरून काढल्याचे. उशीर का व्हायचा? कोलोनहून अनातोलियातल्या गावी मोटारीने जायचे तर ऑस्ट्रिया, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया ओलांडून हजारो किलोमीटर. जाऊन-येऊनच सुट्टीतले कितीतरी दिवस खर्ची पडत. हा संप आठवड्याच्या आत पोलिसांच्या मदतीने मोडला गेला. तेलाची टंचाई हे भरतीबंदीला मिळालेले सोयीचे निमित्त होते. परदेशी माणसे नकोशी वाटणे त्याआधीच सुरू झाले होते.

पण बंदीचा परिणाम उलटा झाला. आता एकदा गावी परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे कळल्यावर माणसे परत जाईनात. बायका-मुलांना बोलावून घेतले. पाहुणे घरचे झाले. आणि जी मुले झिंडेलफिंगेन, श्टुटगार्टच्या शाळांत शिकली, त्यांतली कितीतरी पुढे बापाच्याच कारखान्यात लागली.

इथे मला आपले कोकण आठवते. ज्या तेलाच्या भावाने तुर्कांसाठी जर्मनीचे दार लावून घेतले, त्याच भावाने रत्नागिरी, चिपळूण, श्रीवर्धन, म्हसळ्याच्या पोरांसाठी कुवेत-दुबईचे दार उघडले. तिथे ते ड्रायव्हर झाले, फिटर झाले, आचारी झाले. अरबाच्या मर्सिडीजचे स्टिअरिंग हातात आणि पगार घरी मनीऑर्डरने. गावात चिऱ्याचे घर उभे राहिले, मशिदीला मिनार आला. तुर्की लेखिका अदालेत आआओलू यांनी १९७६ मध्ये एक कादंबरी लिहिली. तिचा नायक बैराम जर्मनीत राबून एक मधाच्या रंगाची मर्सिडीज घेतो, तिला बालकिझ, म्हणजे मधाची पोर, असे लाडके नाव ठेवतो आणि गावाला दाखवायला निघतो. वाटेत गाडी चेपत, खरवडत जाते. तुंच ओकान यांनी तिच्यावर चित्रपट केला. गल्फवरून सुटीवर आलेल्या माणसाचा सामान उतरवतानाचा चेहरा ज्याने पाहिला आहे, त्याला बैराम परका वाटणार नाही.

१९० बरीच चालली. १९८३ च्या उन्हाळ्यात इटलीतल्या नार्दोच्या गोल धावपट्टीवर तिच्या सोळा व्हॉल्व्हवाल्या आवृत्तीने ५० हजार किलोमीटर ताशी २४७ च्या वर सरासरी राखून पार केले. १२ मे १९८४ ला नुर्बुर्गरिंगच्या नव्या ट्रॅकच्या उद्घाटनाला नामवंत रेसरना एकसारख्या १९० दिल्या, तेव्हा आयर्टन सेना नावाचा फारसा कोणाला ठाऊक नसलेला पोरगा सगळ्यांच्या पुढे निघून गेला. पण माझ्या मते तिची खरी ओळख १९८३ ची डिझेल १९० डी. ताकद फक्त ७२ अश्वशक्ती. इंजिनाला चहूबाजूंनी आवरण घालून आवाज असा दाबला होता की लोक तिला कुजबुजणारी डिझेल म्हणू लागले. ही गाडी जर्मनीत टॅक्सी म्हणून राबली आणि मग सेकंडहँड होऊन दक्षिणेला, पूर्वेला निघाली. बेरूतच्या रस्त्यांवर, तुर्कस्तानात.

अल्बेनियाचा तर किस्साच आहे. एन्व्हर होजाच्या राजवटीत तिथे सामान्य माणसाला खासगी मोटार ठेवायची मुभा नव्हती. १९९१ मध्ये बंदी उठली आणि काही वर्षांत हा मुस्लिमबहुल, युरोपातला सर्वात गरीब देश जुन्या मर्सिडीजने भरून गेला. त्यांतल्या बऱ्याच पश्चिम युरोपातून चोरीला गेलेल्या होत्या, हेही खरे. खराब रस्त्यांवर दुसरी गाडी टिकत नाही, हे तिथल्या लोकांचे उत्तर असायचे.

मोरोक्कोत मात्र छोटी बेंझ मोठ्या बहिणीची जागा घेऊ शकली नाही. तिथल्या 'ग्रँड टॅक्सी'त ड्रायव्हर सोडून सहा माणसे बसवत, दोन पुढे आणि चार मागे. त्यासाठी डब्ल्यू १२३ च लागे. १९० ची मागची सीट चौघांना सोडाच, तिघांनाही अडचणीची. हीच तक्रार जर्मनीतल्या गिऱ्हाइकाचीही होती. गुडघे पुढच्या सीटला लागतात. पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली या तक्रारीत आहे.

१९९३ मध्ये सुमारे १८ लाख ८० हजार गाड्या बनवून १९० थांबली आणि तिच्या जागी सी-क्लास आली. डब्ल्यू २०२. लांबी ४४८७. मागे जागा वाढली, कडा गोल झाल्या. १९९७ च्या अखेरीस तिला कॉमन रेल डिझेल मिळाले. त्यात एकाच नळीत प्रचंड दाबाखाली साठवलेले डिझेल विजेच्या इशाऱ्यावर सिलिंडरमध्ये फवारले जाते. आवाज कमी, सरासरी जास्त. पण याच काळात गंजाच्या तक्रारीही सुरू झाल्या. १९९८ मध्ये डाइमलरने क्रायस्लरशी लग्न लावले आणि नऊ वर्षांनी मोडले. त्या वर्षांत हिशेबनिसांचे वजन वाढले आणि अभियंत्यांचे घटले, असे जुने मर्सिडीजवाले म्हणतात. २००० ची डब्ल्यू २०३, ४५२६ मिलिमीटर, दिसायला देखणी होती, पण विजेच्या बिघाडांनी तिने नाव घालवले. २००७ ची डब्ल्यू २०४, ४५८१ मिलिमीटर, पुन्हा टोकदार आणि मजबूत झाली. तिच्यातच एएमजीने ६.२ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवले. साडेचारशेच्या वर अश्वशक्ती. तेल वाचवायला जन्मलेल्या गाडीच्या नातीने असे पेट्रोल प्यावे, यावर काय बोलावे?

भारतात मर्सिडीजचे नाते जुने आहे. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवले आणि मर्सिडीजचा तारा पहिल्यांदा आपल्या हमरस्त्यांवर फिरला तो ट्रकच्या नाकावर. मोटारी मात्र उदारीकरणानंतर आल्या. १९९४ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी टेल्कोच्या पिंपरीच्या आवारातून ई-क्लास बाहेर पडली. सी-क्लास नंतर आली. २००९ मध्ये कंपनीने चाकणला स्वतःचा कारखाना सुरू केला. चाकण म्हणजे आपल्याला ठाऊक असलेली कांद्याची बाजारपेठ आणि १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाशी पावणेदोन महिने झुंजवलेला संग्रामदुर्ग. आज त्याच टापूत सी-क्लासचे सुटे भाग जोडले जातात.

त्याच २००९ मध्ये जर्मनीत मात्र उलटे घडत होते. कंपनीने जाहीर केले की पुढची सी-क्लास झिंडेलफिंगेनमध्ये बनणार नाही. काम ब्रेमेनला आणि अमेरिकेतल्या टस्कालूसाला जाणार. डिसेंबरच्या थंडीत हजारो कामगार रस्त्यावर उतरले. त्या गर्दीत १९६१ च्या कराराने आलेल्यांची मुले आणि नातवंडे होती. एकेकाळी ज्यांना 'परत जा' म्हटले गेले, तेच आता 'आमचे काम बाहेर नेऊ नका' म्हणत जर्मन सहकाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. काम गेलेच. पण बदल्यात २०१९ च्या अखेरीपर्यंत नोकऱ्या जाणार नाहीत, अशी लेखी हमी मिळाली. फोर्डच्या १९७३ च्या संपाला कामगार संघटनेने पाठ दाखवली होती. या वेळी संघटना पुढे होती. माझ्या लेखी छत्तीस वर्षांत गाडीपेक्षा हे जास्त बदलले.

२०१४ ची डब्ल्यू २०५ ब्रेमेन, टस्कालूसा, बीजिंग आणि दक्षिण आफ्रिकेतले ईस्ट लंडन अशी चार खंडांत बनू लागली. अॅल्युमिनियमचा वापर वाढवून वजन शंभर किलोपर्यंत उतरवले. लांबी मात्र ४६८६ वर गेली. आणि २०२१ ची आजची डब्ल्यू २०६, चाकणहून २०२२ पासून मिळणारी, ४७५१ मिलिमीटर. वजन दीड टनाच्या पुढे.

हा शेवटचा आकडा जरा थांबून पाहा. ज्या डब्ल्यू १२३ च्या आकाराला कंटाळून, तेलाच्या भीतीने छोटी गाडी काढली, ती ४७२५ होती. तिच्यानंतरची डब्ल्यू १२४, म्हणजे पिंपरीत पहिल्यांदा बनलेली ई-क्लास, ४७४०. आजची 'छोटी' मर्सिडीज त्या दोघींपेक्षा लांब आहे. चार दशकांत ती फूटभर वाढून आपल्या मोठ्या बहिणींना मागे टाकून गेली. कारणे समजण्यासारखी आहेत. गुडघ्यांना जागा, अपघातात चेपण्यासाठी पुढे-मागे मोकळा पत्रा, दारांत एअरबॅग, आता बॅटरी. पण सर्वात मोठे कारण हे की १९८६ मध्ये तेल कोसळले आणि भीती विसरली गेली.

भीती परत आली ती वेगळ्या रूपात, धुराच्या कायद्यांच्या. डब्ल्यू २०६ मध्ये सहा किंवा आठ सिलिंडरचे इंजिन मिळत नाही. सगळ्यांत चारच, सोबत विजेची मदत. सर्वात तडफदार एएमजी आवृत्तीत दोन लिटरचे इंजिन आणि मोटर मिळून ६८० अश्वशक्ती निघते, तरी शौकिनांनी नाके मुरडली. आवाज नाही म्हणे. चार सिलिंडर, दोन लिटर. १९८२ च्या पहिल्या १९० चे इंजिन नेमके एवढेच होते.

कंपनीची सर्वात लहान सेडान म्हणून २०१८ मध्ये ए-क्लास आली. तीही २०२१ पासून चाकणला जोडली जाऊ लागली. तिची लांबी ४५४९ मिलिमीटर. बेबी बेंझपेक्षा ती १२९ मिलिमीटर, म्हणजे सव्वा वीतभर नाही तरी चांगली अर्धी वीत, लांब आहे.